सकर काय खातो?

फिश टँक घरात आला की काही आठवड्यांत त्याची काच हिरवट दिसायला लागते. तक्रार घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार जाळी उचलत म्हणतो, "एक सकर टाका, काच लख्ख!" बोटाएवढा, तपकिरी, अंगभर ठिपके, तोंड पोटाच्या बाजूला. पन्नास-साठ रुपयांत मिळतो आणि इतर माशांसोबत पिशवीतून घरी येतो. शौकीन मंडळी त्याला प्लेको म्हणतात. यातले कितीतरी महिना-दीड महिन्यात मरतात. दिवसभर दगडामागे बसणारा प्राणी असल्यामुळे मेल्याचंही उशिरा कळतं.

का मरतात, यावर दोन पक्ष आहेत. एक दुकानाच्या गल्ल्यामागे बसतो. त्याचं म्हणणं, मासा चिवट आहे, माणसांनी त्याच्या फार नादी लागू नये. दुसरा पक्ष पाणी तपासायचं टेस्ट किट घेऊन बसतो आणि म्हणतो, मोजल्याशिवाय मासा जगत नाही. दोघांचंही मी भरपूर ऐकलं आहे, पण ते समोरासमोर फारसे येत नाहीत. म्हणून इथे त्यांना नात्यात बांधून बसवलं आहे. मामांचं सोलापुरात माशांचं दुकान आहे. भाची पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माणसं कल्पनेतली, भांडण खरं.

मामा : तुम्ही शिकलेली माणसं मासा आणता आणि हात धुऊन त्याच्या मागे लागता. सकाळी पाणी बदल, दुपारी औषध टाक, रात्री टॉर्च मारून बघ. अगं, सकर आहे तो! अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. असला मासा सहजासहजी मरतोय होय?

भाची : सहजासहजी मरत नाही, हेच तर त्याचं दुर्दैव. उपाशीपोटी महिनाभर तग धरतो आणि मग मरतो. तोवर सगळ्यांना वाटतं, मजेत आहे.

मामा : उपाशी? टाकीत एवढी घाण असताना?

भाची : घाण खातो हे कुणी सांगितलं, मामा? माशांची विष्ठा खाऊन सकर जगत नाही. अॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यातला हा मासा. तिथे दगडांवर, बुडालेल्या झाडांवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, त्यात बारीक जीव असतात. ते खरवडत तो रात्रभर चरतो. नव्या टाकीत काय असतं? कोरी काच, धुतलेली खडी, प्लॅस्टिकची झाडं. दोन फुटी टाकीच्या काचेवरचं शेवाळ त्याला किती रात्री पुरणार? मालक दिवसा वरून दाणे टाकतो, ते गोल्डफिश वरच्या वर फस्त करतात. हा तळाशी राहणारा, अंधारात बाहेर पडणारा. त्याच्या वाट्याला काय येतं?

मामा : उरलंसुरलं.

भाची : आणि "दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, काही उरू देऊ नका" हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं?

मामांना यावर लगेच उत्तर सुचत नाही, कारण ते हे रोज सांगतात. गोल्डफिशसाठी तो सल्ला बरोबरच आहे. पण "सकर उरलेलं खातो" आणि "काही उरू देऊ नका" ही दोन्ही वाक्यं एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकाला सांगितली जातात. दोन्ही पाळणाऱ्याच्या घरी सकरला उपास घडणारच. नव्या सकरच्या मरणामागे रोगापेक्षा भूक जास्त असते, हे माझं मत झालं आहे ते यामुळेच.

मामा : बरं, उपाशी आहे हे ओळखायचं कसं, ते मात्र मला विचार. दुकानात सकर काचेला चिकटलेला असतो, म्हणजे पोट आपल्यासमोर. ते सपाट किंवा जरा भरलेलं असलं तर घ्यायचा. आत गेलेलं असलं, खळगा पडला असला, तर कितीही देखणा असो, सोडायचा. डोळे खोल गेले असतील तर फुकट दिला तरी नको. आणि विचारायचं, माल कधी आला? हे मासे चेन्नईच्या कोळत्तूरकडून येतात, कोलकात्याकडून येतात. पॅक करण्याआधी मुद्दाम उपाशी ठेवतात, पिशवीत घाण होऊ नये म्हणून. मग प्रवास, मग होलसेलवाला, मग आम्ही. ज्या दिवशी माल आला त्या दिवशी नेऊ नये. पैसे देऊन ठेवावेत आणि आठवड्यानं यावं. तोवर मरायचा असला तर माझ्याकडे मरेल.

भाची : हे तुम्ही म्हणता. सगळे दुकानदार म्हणतील का?

मामा : ते मला नको विचारूस. तू पुढचं सांग, घरी नेल्यावर खायला काय घालतेस?

भाची : पहिल्या रात्री दिवा बंद केला की तळाशी बसणारी अल्गी वेफर, म्हणजे शेवाळाची वडी, अर्धी तोडून. आणि दुधीची एक चकती.

मामा : दुधी! घरात कुणी खात नाही म्हणून?

भाची : दुधी, दोडका, लाल भोपळा, पालकाचं पान. साल काढायची, कारण बाजारच्या भाजीवर फवारणी असते. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकली की मऊ पडते. मग स्टीलच्या चमच्याला टोचून तळाशी ठेवायची. काकडी त्यांना आवडते, पण तिच्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही. सकाळी उरलेला तुकडा काढून टाकायचा. नवा मासा दोन-तीन रात्री तोंडही लावत नाही. तरी रोज ताजी चकती ठेवायची. "खात नाही" म्हणून बंद केलंत की संपलं.

मामा : आणि लाकूड?

भाची : ड्रिफ्टवुड हवंच. त्यावर थर धरतो, मासा तो खरवडत बसतो आणि दिवसा खाली लपतो. पाणी तांबूस होतं, त्यानं काही बिघडत नाही. लपायला जागा नसली तर तो फिल्टरमागे नाहीतर हीटरला चिकटून बसतो, आणि हीटर चालू झाला की पोट भाजतं. हीटरला जाळीचं कव्हर घालावं. पण सगळे सकर भाजीवाले नसतात हं. या कुळात नऊशेहून जास्त जाती आहेत. इतक्या नव्या नव्या सापडत गेल्या की 1988मध्ये एका जर्मन मासिकानं नावाऐवजी नंबर द्यायला सुरुवात केली, एल-1, एल-2 असे. झेब्रा प्लेको म्हणजे एल-46, ब्राझीलच्या शिंगू नदीतला. त्याला दुधी घालून बसलात तर तोही उपाशी राहील, त्याला किडे-अळ्यांचं खाणं लागतं.

मामा : ते हजारो रुपयांचे मासे सोलापुरात कोण घेतो! साधं बोल.

भाची : साधंच सांगते. तुमच्याकडे तक्रार येत असेल ना, सकरनं गोल्डफिशला मारलं म्हणून?

मामा : नेहमी येते. रात्री अंगाला चिकटतो, खवले निघतात, लाल चट्टे पडतात.

भाची : उपाशी असतो तेव्हा माशाच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. गोल्डफिश मंद, पळून जात नाही. एकदा ती सवय लागली की सुटणं कठीण. पोट भरलेला सकर सहसा त्या वाटेला जात नाही.

इथपर्यंत भाचीची सरशी आहे. पण पिशवी उघडायचा विषय निघतो आणि पारडं फिरतं.

भाची : घरी आणल्यावर मी तर ठिबक पद्धत वापरते. बादलीत मासा, टाकीतून बारीक नळी, तास-दोन तास थेंब थेंब पाणी.

मामा : आणि चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीलाही तेच करतेस?

भाची : हो.

मामा : म्हणून मरतात तुझे. मी पिशवी बंदच टाकीत तरंगत ठेवतो, पंधरा-वीस मिनिटं. गरम-थंड सारखं झालं की उघडतो, मासा काढतो आणि सरळ टाकीत. पिशवीतलं पाणी मोरीत. कारण तुला ठाऊक असेल, मला एवढंच ठाऊक आहे की उघड्या पिशवीत ठेवलेले मासे तडफडतात.

भाची : कारण... थांबा. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं. अमोनियाही साठलेला असतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे मी दोन तास माशाला त्या पाण्यात... बरोबर आहे तुमचं. लांबून आलेल्या पिशवीला ठिबक नको. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणला असेल तर मात्र थोडं थोडं पाणी मिसळायला हरकत नाही.

मामा : आणि जाळी घालू नकोस. त्याच्या परांना काटे असतात, जाळीत गुंततात. मग माणूस ओढतो आणि काटा मोडतो. प्लॅस्टिकचा मग बुडवायचा, त्यात हाकलायचा. पिशवी दुहेरी मागायची, एकेरी तो फोडतो.

भाची : पण सरळ मुख्य टाकीत नाही. आधी तीन-चार आठवडे वेगळा.

मामा : दोन खोल्यांच्या घरात दुसरी टाकी कुठे ठेवायची? पलंगाखाली?

भाची : टाकी कशाला, तीस-चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब पुरतो. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, एक आडवी कुंडी, वर झाकण. रोग पसरू नये हे कारण आहेच, पण मला दुसरंच महत्त्वाचं वाटतं. मोठ्या टाकीत पन्नास जागी लपलेला सकर खातो की नाही, हे कळतच नाही. टबात कळतं. चकतीवर खरवडल्याच्या खुणा दिसतात, आणि सकाळी तळाशी विष्ठेचे लांब हिरवट-तपकिरी दोरे दिसले की पोटात गेलं समजायचं.

मामा : हे पटलं. विष्ठा बघा म्हणून गिऱ्हाइकाला सांगायला हवं. टेस्ट किटपेक्षा स्वस्त.

भाची : किटही लागतंच, मामा! नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासा आतून जळत असतो. ते डोळ्यांना दिसत नाही.

मामा : माझ्या दुकानात कुणी किट पाहिलेलं नाही, आणि क्लोरीन घालवायच्या औषधाचा थेंब मी कधी टाकलेला नाही. मासे मेले असते तर दुकान चाललं असतं का?

भाची : कारण तुमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं! ते पिंपात साठतं आणि तेवढ्यात क्लोरीन उडून जातं. शिवाय तुमचे स्पंज फिल्टर वर्षानुवर्षं चालू आहेत, जिवाणूंनी भरलेले. पुण्यातला माणूस सकाळी नळाला पाइप लावतो आणि थेट टाकीत सोडतो. तुमची पद्धत तुमच्या पाण्यावर चालते, तो मात्र फसतो.

मामांच्या अनुभवाला इथे त्याची मर्यादा सापडते. अनुभव खोटा नव्हता, फक्त त्याच्यामागचं पिंप कुणी हिशोबात धरलं नव्हतं. मासे पाळण्यातले बरेच वाद असे दोन गावांच्या पाण्यातले असतात.

मामा : मग माझंही ऐक. सहा आठवडे रिकामी टाकी कुणी बघत बसत नाही. माझ्याकडून टाकी नेणाऱ्याला मी चालू फिल्टरमधला स्पंज पिळून ते काळं पाणी बाटलीत देतो. घरी गेल्यावर फिल्टरवर ओत म्हणतो. आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा.

भाची : हे कुणी शिकवलं तुम्हाला?

मामा : नळाखाली धुतला की दुसऱ्या दिवशी मासे वर येतात. शिकवायला कशाला हवं?

भाची : पण नायट्राइट मोजाच, निदान पहिला महिना. आणि खडे मीठ मूठभर टाकायचं तुमचं ते...

मामा : सगळ्या माशांना चालतं.

भाची : सकरला फारसं मानवत नाही. तांबं असलेली औषधंही नाहीत. अंगावर पांढरे ठिपके आलेच तर पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत न्यायचं, हवेचा पंप जोरात सोडायचा आणि औषध अर्ध्या मात्रेनं सुरू करायचं. काही झालं नसताना "खबरदारी म्हणून" निळं औषध तर मुळीच नको.

मामा : त्यात आपलं एकमत. मी विकतो ते औषध, पण तू घरची म्हणून सांगतो, बहुतेक बाटल्या माणसाच्या समाधानासाठी असतात.

सोलापूरच्या उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न भाचीच्या पुस्तकात नसतो. एप्रिल-मेमध्ये खोलीतल्या टाकीचं पाणी 32-33 अंशांवर जातं. पाणी 20 अंशांना असताना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं, 30 अंशांना साडेसातच. सकर पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर झेपावू लागला तर तो खेळत नसतो. मामा पाणी चार बोटं कमी करतात, झाकण काढून जाळी घालतात, पंख्याचा वारा पाण्यावर सोडतात आणि वीज जाण्याच्या भीतीनं बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवतात. बर्फ टाकत नाहीत. तापमान झटक्यात उतरणं हे उष्णतेपेक्षा वाईट. भाचीला यात काढण्यासारखी चूक सापडत नाही.

भाची : आता शेवटचं. समजा, सगळं जमलं. मासा जगला. मग?

मामा : मग काय, चांगलंच.

भाची : तुम्ही विकता तो साधा सकर दीड फुटाच्या आसपास वाढतो, आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. दोन फुटी टाकीत पाणी असतं छप्पन्न-सत्तावन्न लिटर. त्यात तो वळणार कसा? आणि मोठा झाला की काच साफ करायचंही सोडतो, घाण मात्र ढीगभर करतो.

मामा : टाकीएवढाच वाढतो गं मासा.

भाची : नाही मामा, हे खरं नाही. खुरटतो आणि लवकर मरतो, त्याला टाकीएवढा वाढणं नाही म्हणत.

मामा : मग त्याऐवजी छोटा ब्रिसलनोज सकर द्यायचा?

भाची : तोच द्यायचा. चार-पाच इंचांत थांबतो, काच उलट जास्त चांगली साफ करतो, नराच्या तोंडावर मिशांसारखे फाटे येतात. अडीच-तीन फुटी टाकीत सुखात राहतो. पिल्लांत फरक ओळखायचा तर पाठीवरचा पर उभा करेल तेव्हा त्यातल्या काड्या मोजायच्या. दहाच्या घरात किंवा वर गेल्या तर तो मोठा होणारा, सात-आठच असल्या तर निदान तो नव्हे. पांढरा-पिवळा आहे म्हणून ब्रिसलनोज समजू नये, मोठ्या सकरचीही पांढरी पिल्लं विकली जातात.

मामा : ब्रिसलनोज महाग पडतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून पन्नासचा नेईल. तू पगारावर आहेस, मी गल्ल्यावर.

या मुद्द्यावर दोघांचं जुळत नाही, आणि जुळवून दाखवण्यात अर्थ नाही. मामांची अडचण खरी आहे. पण त्या पन्नास रुपयांच्या माशाचा पुढचा हिशोब दुकानाबाहेर चुकता होतो. मोठा झालेला सकर नकोसा होतो, त्याला मारवत नाही, म्हणून माणूस पुण्य समजून त्याला नदीत, तलावात सोडतो. उजनी धरणाच्या पाण्यात सकर सापडू लागले आहेत. ज्या पाण्यावर सोलापूर जगतं, त्याच पाण्यात. कोळ्यांच्या जाळ्यात ते काट्यांनी गुंततात, जाळी फाटते आणि बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. मेक्सिकोतल्या इन्फिएरनिलो जलाशयात तिलापियाची मोठी मासेमारी चालायची. आपल्याकडे चिलापी म्हणतात तोच हा मासा, आणि उजनीच्या जाळ्यांतही तोच जास्त. इन्फिएरनिलोत सकर इतके वाढले की जाळ्यांत तेच भरू लागले आणि कोळ्यांचा धंदा बसला. फ्लोरिडाच्या कालव्यांत नर अंड्यांसाठी काठात खोल बिळं करतात, त्यानं काठ ढासळतात. चिवटपणाची जी तारीफ मामा करत होते, ती तिथे शापासारखी लागू पडते.

भाची : निदान एवढं करा. विकताना सांगा, वाढला की परत आणा म्हणून.

मामा : ते करीन. मोठी टाकी असणारे दोघं-तिघं आहेत माझ्या ओळखीचे, त्यांना देता येईल. पैसे मात्र परत मिळणार नाहीत.

वाचकांपैकी कुणाच्या टाकीत आत्ता सकर असेल, तर आज रात्री दिवा बंद केल्यावर त्याच्यासाठी दुधीची एक चकती ठेवा आणि सकाळी ती खाल्ली गेली का ते पाहा. नवा घ्यायला निघाला असाल तर पोट पाहा, काड्या मोजा आणि मोठा झाला तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. टाकीत मावेनासा झालेला सकर दुकानात परत द्या, शाळेच्या किंवा ओळखीच्या मोठ्या टाकीला द्या. नदीत, विहिरीत किंवा तलावात मात्र एकही सोडू नका.